गोसाबाला जाऊन आले, स्टॉर्म सर्जचा (वादळामुळे किनाऱ्यावर चढणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा) अभ्यास करायला जाणाऱ्यांसाठी

फेब्रुवारीत मुद्दाम पौर्णिमा धरून चार दिवस सुंदरबनात गोसाबा बेटावर होते. सियालदहहून कॅनिंग लोकल, तिथून गाडीने गोडखाली, मग होडीने पलीकडे. ओहोटीला घाटावर चिखल भयंकर असतो, पट्ट्याच्या चपला घाला आणि चढउतार शक्यतो भरतीला करा.

जायच्या आधी मी लॅपटॉपवर एसआरटीएमचा उंचीचा नकाशा बघून ठेवला होता, त्यात बेटं बरीच उंच दिसत होती. पण हा डेटा 2000 साली नासाच्या स्पेस शटलवरच्या रडारने घेतलाय आणि खारफुटी दाट असेल तिथे त्याला जमीन नाही, झाडांचे शेंडे दिसतात! प्लीज त्यावर पूररेषा काढू नका. बांधावर भरतीच्या वेळी उभे राहिले तेव्हा डावीकडे नदी आणि उजवीकडे भाताची खाचरं, आणि नदीचं पाणी सरळसरळ खाचरांच्या वर. बांध घातल्यापासून गाळ आत येत नाही, त्यामुळे नदीकडची पातळी वर आणि शेत खालीच राहिलंय.

एका मावशींनी दाराच्या चौकटीवर हात ठेवून 'आयला' चक्रीवादळाचं पाणी कुठपर्यंत होतं ते दाखवलं, माझ्या खांद्याला लागत होतं. टेप लावून मी ती खूण बांधाच्या माथ्याशी जुळवली, चार दिवसांत सगळ्यात कामाची नोंद हीच.

वाऱ्याच्या वेगावरून धोका ठरवू नका हे मला मनापासून सांगायचंय. 'आयला' आलं 25 मे 2009 ला, आदल्याच दिवशी अमावस्या. 'यास' तर 26 मे 2021 ला ओडिशात बालासोरजवळ धडकलं, एवढ्या लांब, तरी इथले बांध फुटले कारण त्या दिवशी पौर्णिमा होती. आपल्या कोकणात अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला भांग म्हणतात तसं इथे भरा कोटाल, मरा कोटाल. लोकांना विचारताना हेच शब्द वापरा, लगेच सांगायला लागतात, आणि पाणी किती आलं याच्यासोबत किती वाजता आलं हेही विचारा, मग भरतीची वेळ काढून सर्जचा वाटा वेगळा करता येतो.

अजून एक, भरतीच्या तक्त्यातले आकडे चार्ट डेटमपासूनचे (ओहोटीच्या जवळपास सगळ्यात खालच्या पातळीपासूनचे) असतात, समुद्रसपाटीपासूनचे नाहीत. दोन्ही तसेच एकत्र केले तर मीटरांत चूक होते, माझी पहिल्या रात्रीची सगळी गणितं त्यापायी परत करावी लागली.

पाणी जवळ ठेवा, पॉवर बँक न्या, आणि बांधावर माप घ्यायच्या आधी पंचायतीत सांगून ठेवा.