साडेचारशे मिलिमीटर

भुयारी मेट्रो स्टेशनला जोडून पार्किंग करायचं म्हटलं की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला: "गाड्या किती बसतात?" गाडी लावल्यावर माणूस फलाटापर्यंत कसा पोचणार, हे कोणी विचारत नाही. माझ्या लेखी खरं काम तेच. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त स्टेशनखाली २०१९ मध्ये साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग पुरं झालं. तिथून जिना चढला की थेट फलाट. म्हणून ते वापरलं जातं.

आमच्या कामात पार्किंग एका यंत्रणेचं, म्हणजे आमचं; स्टेशन दुसरीचं. मधे डी-वॉल, म्हणजे खोदकामाआधीच जमिनीत ओतलेली जाडजूड काँक्रीटची भिंत. पुढे दार फोडता यावं म्हणून तिच्यातला एक पट्टा आधीच राखून ठेवला होता, भार दोन्ही बाजूंनी वळवून घेणाऱ्या सळयांसह. आमच्या स्ट्रक्चरलवाल्यांनी त्या एका तपशिलावर जीव टाकला होता. पट्टा कापून काढला, आजूबाजूला एक तडा नाही.

मग सर्व्हेअरने ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण लावली. स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, आधी आमच्या स्लॅबवर धरला, मग पलीकडच्या फरशीवर. रीडिंग पुन्हा घेतलं. कॉन्कोर्स, म्हणजे स्टेशनातलं तिकीटघराचं दालन, आमच्यापेक्षा ४५० मिलिमीटर वर! नकाशे दोन्ही आपापल्या परीने बरोबर, पण बेंचमार्क, म्हणजे उंची जिथून मोजायची तो ठरीव बिंदू, दोन. संयुक्त सर्व्हे करा असं मी आधीच लेखी मागितलं होतं. "आपापलं बघू" म्हणून ते पत्र फाइलला लागलं.

"मॅडम, तीन पायऱ्या टाका, विषय संपतो," अधिकारी म्हणाले.

व्हीलचेअरवाल्याचा विषय तिथेच सुरू होतो. बाबागाडी ढकलणारी आई, काठी टेकत येणारे आजोबा, सगळ्यांचाच. १:१२ उताराचा, म्हणजे चढाच्या बारापट लांबीचा रॅम्प ५.४ मीटर, दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर सपाट, एकूण ८.४. आमच्या दोन कॉलममधला एक खण नेमका तेवढाच. पण त्या खणात तीन मोटारी बसतात आणि अहवालातला आकडा तीनने उतरायला कोणी तयार नव्हतं. तोडगा निघाला: पायऱ्या, शेजारी छोटी लिफ्ट. ती लिफ्ट येणार बरोबर हद्दीवर. बंद पडली तर दुरुस्ती कोणाच्या बजेटमधून, यावर इतिवृत्तात एक ओळ नाही.

तेव्हापासून हा खण डोक्यातून जात नाही. रॅम्प १.८ मीटर रुंद धरला तर खणाच्या आतल्या बाजूला जाणाऱ्या पाच मीटरपैकी ३.२ उरतात. एका दुचाकीला एक बाय दोन मीटर, या हिशेबाने तिथे आठ दुचाकी उभ्या राहतात. मेट्रोला दुचाकीवरून येणारेही बरेच असतात, म्हणजे या खणातून स्टेशनात जाणारी माणसं वाढतातच. पण हिशेब मोटारींत मांडला जातो, म्हणून कागदावर नुकसान दिसतं. हा हिशेब मांडून सुधारित नकाशा पाठवला आहे. पायऱ्यांचं शटरिंग सोमवारी लागणार म्हणतात. सही त्याआधी हवी.