पल्स एनर्जी मीटर, टप्पा ३: ट्रिगर पातळी बसवली

हा मीटर लेसरच्या प्रत्येक पल्सची ऊर्जा मोजतो; सिग्नल ज्या व्होल्टेजवर गेला की पल्स आला असे धरायचे, ती ट्रिगर पातळी. मांडणी आधीच्या टप्प्यांतलीच: पायरोइलेक्ट्रिक सेन्सर (तापमान बदलले की व्होल्टेज देणारा स्फटिक), जेफेट बफर (सेन्सरवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारा), एलएम३९३ कंपॅरेटर (सिग्नल पातळीच्या वर आहे का ते सांगणारा), पुढे पीक-होल्ड (पल्सचे शिखर धरून ठेवणारा). लेसर फ्लॅशलॅम्पवर, म्हणजे लखलखणाऱ्या दिव्यावर, चालणारा क्यू-स्विच्ड (साठवलेली ऊर्जा एका झटक्यात सोडणारा) एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर, १० हर्ट्झ. बफरनंतर २०० व्होल्ट प्रति जूल, म्हणजे १० मिलिजूलला २ व्होल्ट.

नॉइज लेसर बंद ठेवून मोजला तर ४ मिलिव्होल्ट दिसतो, आणि तिथेच फसगत होते. बीम डंपवर (प्रकाश शोषून घेणाऱ्या अडथळ्यावर) अडवायचा, दिवा मात्र १० हर्ट्झने उडवत ठेवायचा, मग मोजायचे. (चष्मा १०६४चाच, हा बीम डोळ्यांना दिसत नाही.) दिव्याच्या डिस्चार्जचे टोक २५ मिलिव्होल्टपर्यंत जात होते. बफरपुढे १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर लावला, केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, टोक १२ मिलिव्होल्टवर आले. सेन्सरखाली फोमही हवा. पायरो स्फटिक पिझोसुद्धा असतो, टेबलावर टिचकी मारली तरी पल्स मोजतो.

ट्रिगर पातळी नॉइजच्या पाचपट: ६० मिलिव्होल्ट, म्हणजे ०.३ मिलिजूल. सर्वांत लहान अपेक्षित पल्स १ मिलिजूलचा, २०० मिलिव्होल्ट. तो आरामात सापडतो.

हिस्टेरिसिसने, म्हणजे कंपॅरेटर चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांमधल्या अंतराने, जास्त वेळ खाल्ला. इनपुटला १० किलोओहम, फीडबॅकला १ मेगओहम, ५ व्होल्ट पुरवठा: हे अंतर, म्हणजे पट्टा, ५० मिलिव्होल्टचा. ट्रिगर ६०वर असेल तर खालची पातळी १० येते, म्हणजे नॉइजच्याच टोकाला. ट्रिगर ४०वर आणला की ती शून्याखाली जाते, कंपॅरेटर वरच अडकतो आणि पहिल्या पल्सनंतर मीटर गप्प. फीडबॅक २.२ मेगओहम केल्यावर पट्टा सुमारे २३ मिलिव्होल्ट झाला, खालची पातळी ३७. पल्सनंतर सिग्नल शून्याखाली झुकतो, म्हणून तो झुकाव अडवायला कंपॅरेटरच्या इनपुटवर शॉटकी डायोड. एलएम३९३ला उणे ०.३ व्होल्टपेक्षा खाली नेऊ नये.

पडताळणी: ६० सेकंदांत बरोबर ६०० मोजणी. नेमकी १२०० आली तर दिव्याचे टोक आणि प्रकाश दोन्ही मोजले जाताहेत. ६४०, ७१५ असे वेडेवाकडे आकडे आले तर पल्सच्या उतारावर कंपॅरेटर फडफडून पुन्हापुन्हा मोजतो, हिस्टेरिसिस अपुरा. ६००हून कमी आले तर पातळी उंच. ही चूक सगळ्यांत गोडबोली: दुबळे पल्स गळतात, सरासरी वाढते, विचलन घटते आणि लेसर आहे त्याहून चांगला दिसतो.

पुढचा टप्पा क्यू-स्विचच्या सिंक आउटवरून (पल्सची वेळ सांगणाऱ्या सिग्नलवरून) बाह्य ट्रिगर.