एस.ई. ५ए, १:४८ : ओल्ड वॉर्डनहून आल्यावर

मंडळी, इंद्रलाल रॉय यांच्या एस.ई. ५ए ह्या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या १:४८ मॉडेलचं काम वरचा पंख बसवण्याआधी मुद्दाम थांबवलं होतं. दोन गोष्टी ठरत नव्हत्या. पंखांच्या खालच्या कापडातून उजेड आरपार आल्यासारखा रंग द्यायचा का? आणि पंखांमधल्या आधाराच्या तारा गोल धाग्याने ओढायच्या की चपट्या? शनिवारी इंग्लंडातल्या बेडफर्डशरमध्ये ओल्ड वॉर्डनला, शटलवर्थ कलेक्शन ह्या जुन्या विमानांच्या संग्रहालयाच्या संध्याकाळच्या एअर शोला गेलो आणि दोन्हींचा निकाल लागला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: रॉय कोलकात्याचे, ब्रिटिश हवाई दलाच्या ४० स्क्वाड्रनचे वैमानिक. ९ ते १९ जुलै १९१८ एवढ्याच काळात त्यांच्या नावावर हवाई लढाईतले दहा विजय लागले आणि २२ जुलैला ते मारले गेले. वय १९.

ओल्ड वॉर्डनचं एफ ९०४ हे अस्सल एस.ई. ५ए आहे, प्रतिकृती नव्हे. १० नोव्हेंबर १९१८ला, म्हणजे युद्धविरामाच्या आदल्या दिवशी, ८४ स्क्वाड्रनच्या मेजर पिकथॉर्न यांनी ह्याच विमानातून फोकर डी ७ हे जर्मन लढाऊ विमान पाडलं. युद्धानंतर बिचाऱ्याला आकाशात धुराने जाहिराती लिहायच्या कामाला जुंपलं होतं. तरी टिकलं, हे नशीब.

इथली धावपट्टी गवताची, आणि प्रेक्षकांसमोरची उड्डाणाची रेषा सरळ नसून वाकलेली. त्यामुळे विमान कुशीवर झुकून वळतं आणि पंखांची वरची बाजू पूर्ण दिसते. फोटोवाले इथे का गर्दी करतात ते कळलं. शटर १/१२५वर ठेवला की पंखा फिरताना दिसतो, पण निम्मे फोटो हलतात. चालायचंच.

आता मुद्द्याचं. वारा पडल्यावरच बाहेर काढतात ती अगदी जुन्या धर्तीची विमानं शेवटी उडाली. त्यातल्या बॉक्सकाइट विमानाचं कापड नुसतं पारदर्शक डोप (कापड ताणून धरणारं रोगण) लावलेलं. मावळतीचं ऊन मागून आलं आणि सगळं विमान आकाशकंदिलासारखं उजळलं, पंखाच्या सांगाड्याची एकेक आडवी फासळी, म्हणजे रिब, मोजता येत होती. एस.ई. ५ए मात्र त्याआधी त्याच उन्हातून गेलं आणि त्याची खालची बाजू मंद पिवळसर, जवळपास सपाटच दिसली. कारण साधं आहे. वरून दिलेला पी.सी. १० हा रंग मुळात कापडाला उन्हापासून वाचवायलाच होता, त्यातून उजेड येणार कुठून? तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या प्रत्येक मॉडेलखाली रिब्जच्या गडद सावल्या मारायची जी फॅशन आहे, ती निदान ह्या विमानाला लागू नाही. मी रिब्जवर अगदी पातळ फिका हात देऊन थांबणार.

तारांचंही तसंच. त्या गोल नाहीत, चपट्या आहेत, वाऱ्याला कडेने कापणाऱ्या. समोरून जवळजवळ नाहीशा होतात, बाजूने पट्टीसारख्या चमकतात. उड्डाणात भार घेणाऱ्या तारा दुहेरी आहेत. म्हणजे चपटा लवचिक धागा, आणि तिथे दोन-दोन.

बाकी लायसँडर, ग्लॅडिएटर वगैरे सगळे उडाले, त्यांचे फोटो निवांत बघेन. कॅमल हे त्याच काळातलं लढाऊ विमान इथे नव्याने बांधलेलं आहे, पण इंजिन जुनं, क्लर्जे बनावटीचं. पंख्याबरोबर अख्खं इंजिन फिरतं, आणि उतरताना वैमानिक ठिणगी तोडतो-जोडतो तो खोकल्यासारखा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कधीच नीट येत नाही. वंगण म्हणून घातलेल्या एरंडेलाचा जळका वास कुंपणापर्यंत येतो. पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक हार्दित सिंग मलिक ह्याच जातीचं विमान उडवायचे.

ह्या आठवड्यात वरचा पंख, मग तारा. पुढचं किट डॉल्फिन ह्या त्याच काळातल्या लढाऊ विमानाचं घ्यायचं आहे, २३ स्क्वाड्रनचे वैमानिक वेलिणकर यांच्यासाठी. ते मुंबईचे, आणि जून १९१८मध्ये जर्मनांच्या कैदेत जखमांनी गेले. डॉल्फिनचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे असतो, त्यामुळे जोडताना खांबांचे कोन कोणी कसे धरले, ते सांगा.