मावळातली सूचिपर्णी : पावसाळ्यानंतरची नोंद

पाऊस ओसरला आणि बागेतली सगळी सूचिपर्णी झाडं एकेक करून पाहिली. कुंपणालगतची मोरपंखीची रांग, मोकळ्या कोपऱ्यातला अरोकेरिया, दगडी उतारावरचे जुनिपर, सगळे तगलेत आणि नवी पालवीही धरलीय.

ही झाडं आपल्याकडे उन्हाने जातात, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्यांचा जीव घेतं ते जुलै-ऑगस्टमध्ये मुळाशी तुंबलेलं पाणी. काळ्या मातीत खड्डा खणला की पावसाळ्यात त्याची टाकी होते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पण वरचा हिरवेपणा महिना-दोन महिने तसाच टिकतो. फांद्या तपकिरी पडतात तेव्हा ऑक्टोबरचं ऊन तापलेलं असतं, म्हणून दोष उन्हाच्या माथी बसतो.

त्यामुळे यंदाची लागवड खड्ड्यात केलीच नाही. जमीन कुदळीने नुसती मोकळी केली आणि वर दीड फुटाचा वरंबा चढवला. त्यात निम्मा बारीक मुरूम, बाकी लाल माती आणि थोडंसं पूर्ण कुजलेलं शेणखत. खोड जिथून मुळांत उतरतं तो भाग मातीच्या वरच राहू दिला. नर्सरीतून रोप बहुधा चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतं. तो गोळा तसाच पुरला तर उन्हाळ्यात विटेसारखा कडक होतो, पाणी बाजूने निघून जातं आणि मुळं बाहेर पडत नाहीत. बादलीभर पाण्यात गोळा बुडवून बाहेरची माती हलक्या हाताने सुटी करायची, पिशवीच्या कडेने गोल फिरलेली मुळं मोकळी करायची. पूर्ण गोळा मात्र फोडू नये, या झाडांना मुळं उघडी पडलेली सोसत नाहीत.

मोरपंखीला फळं धरलीयत. निळसर हिरवी, अंगावर पांढुरकी झाक आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली शिंगं. बोटाने चोळलं की झाक निघते आणि राळेचा वास हाताला राहतो. रांगेत अंतर तीन फूट ठेवलंय. छाटणी फक्त हिरव्या टोकांची करतो, कारण आतल्या जुन्या तपकिरी लाकडावर पुन्हा फुटवा येत नाही. आतली काही पानं वाळून गळतात ती नैसर्गिक गळ आहे, त्यासाठी औषध मारायची गरज नाही.

अरोकेरियाकडे माझं खास लक्ष आहे. त्याच्यातल्या नॉरफोक पाइन या जातीच्या नावाने विकली जाणारी रोपं बरेचदा त्याच्याच दुसऱ्या जातीची, कुक पाइनची, म्हणजे मूळ न्यू कॅलेडोनियाच्या झाडाची असतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की जगभरातले कुक पाइन विषुववृत्ताकडे कलतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. आपल्याकडे कलला तर दक्षिणेलाच कलायला हवा! शेंड्याच्या रेषेत भिंतीवर खडूने खूण केलीय, दर पावसाळ्यानंतर फोटो काढणार. याचा शेंडा मोडणार नाही याची काळजी घ्या, आणि बाजूच्या फांदीचं कलम करू नका. ते आडवंच वाढत राहतं.

जुनिपरवर एकाच फांदीवर टोचणारी सुईसारखी पानं आणि खवल्यांसारखी मऊ पानं दोन्ही आलीयत. रोग नाही, कोवळ्या आणि प्रौढ पानांचा हा फरक आहे.

आता धास्ती लाल कोळीची, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडीची. थंडी सरून हवा कोरडी झाली की तो येतो. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर कोळी आहेच. तेव्हा सकाळी झाडाच्या आतल्या भागात पाण्याचा जोरदार फवारा, गरज पडली तर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल.

पुढच्या जूनमध्ये नागेया वालिचियाना लावायचा मनसुबा आहे. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या जंगलांत वाढणारा हा आपला देशी सूचिपर्णी, पानं मात्र चांगली रुंद. कोकणात जांभ्यावर कुणी तो वाढवला असेल तर सावली किती दिली, तेवढं जरूर सांगा.