चर्चची किल्ली कोणाकडे?

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाला वळसा घालणारा आय-२८५ महामार्ग ओलांडला की पूर्वेला क्लार्कस्टन लागतं. वस्ती चौदा हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. १९७०च्या दशकात अटलांटात नोकरी करणाऱ्या गोऱ्या मध्यमवर्गासाठी इथे अपार्टमेंटच्या रांगाच्या रांगा उठल्या. पुढे ती माणसं आणखी लांबच्या उपनगरांत गेली, घरं रिकामी पडली, भाडी उतरली. बस होती, जवळ मेट्रोचं स्टेशन होतं, आणि गाडी नसलेल्या माणसाला अमेरिकेत याहून मोठी सोय नाही. १९८०च्या दशकापासून निर्वासितांचं पुनर्वसन करणाऱ्या संस्थांनी हे हेरलं. आधी व्हिएतनामी आले, मग बोस्नियाचे, सोमालियाचे, सुदानचे, भूतानमधून हाकललेले नेपाळी, म्यानमारचे, आणि गेल्या दहाएक वर्षांत काँगोचे.

गावापासून काही मैलांवर स्टोन माउंटन नावाचा एकाच दगडाचा प्रचंड डोंगर आहे. १९१५ साली कू क्लक्स क्लॅनचा, म्हणजे गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेचा, पुनर्जन्म झाला तो याच डोंगरावर, क्रूस पेटवून. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या तीन पुढाऱ्यांची शिल्पं आजही त्याच्या पोटावर कोरलेली दिसतात. शनिवारी काँगोची कुटुंबं तिथे डबे घेऊन सहलीला जातात. मुलं वर चढतात, मोठी माणसं खाली चादर अंथरून बसतात. शिल्पांकडे कोणी फारसं बघत नाही.

मी मूळची नगरची (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागायची आहे), चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो, आणि घराजवळचं म्हणून ज्या चर्चमध्ये जायला लागलो, त्याच इमारतीत दुपारी काँगोच्या मंडळीची स्वाहिली उपासना भरायची. सकाळी अकराला आमची इंग्रजी, दीडला त्यांची. रविवार सकाळचा अकराचा तास हा अमेरिकेतला सर्वांत विभागलेला तास आहे, असं मार्टिन ल्यूथर किंग म्हणत. त्यांचं एबेनेझर चर्च इथून अर्ध्या तासावर आहे. आमच्याकडे विभागणी अकरा आणि दीड अशी होती, एवढाच फरक.

या गावात हे नवं नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या क्लार्कस्टन बॅप्टिस्ट चर्चची गोरी सभासदसंख्या घटत गेली, तेव्हा उरलेल्यांनी दारं उघडली आणि नावच बदलून क्लार्कस्टन इंटरनॅशनल बायबल चर्च केलं. काही जुने सभासद त्यावरून सोडून गेले. आमच्या चर्चने एवढं धाडस केलं नव्हतं. आम्ही हॉल भाड्याने दिला होता, भाडं नाममात्र होतं, आणि त्याबद्दल आम्हांला बरं वाटत होतं. हे बरं वाटणंच मला पुढे खटकायला लागलं.

बाहेरून बघणाऱ्याला संस्कृतीचे फरक लगेच दिसतात. आमची उपासना एक तास दहा मिनिटांची, त्यांची तीन तासांची. दानार्पणाच्या वेळी आम्ही थाळी फिरवतो, ते रांगेने नाचत पुढे येतात. तीन-तीन क्वायर असतात, आणि प्रत्येक क्वायरला दोन गाणी तरी मिळालीच पाहिजेत. रात्रभराची प्रार्थना असते, तिला म्केशा म्हणतात, आणि तिच्या ड्रमबद्दल शेजारच्यांची तक्रार येते. आमच्यातल्या काहींना वाटायचं की हे फरक मिटले की एकी होईल. मला यातलं काहीच परकं वाटलं नाही. नगर-जालन्याकडच्या खेड्यातल्या मंडळीत रात्रभर भजनं चालतात, पेटी-तबल्यावर, आणि शेजारी तक्रार करत नाहीत, कारण तेही ऐकत असतात.

हंगामाच्या उपासनेत तर मला गंमतच वाटली. क्लार्कस्टनमध्ये निर्वासितांच्या सामुदायिक बागा आहेत. काँगोच्या बायका तिथे लेंगा-लेंगा नावाची पालेभाजी लावतात. जुडी हातात घेतली तर चक्क आपला माठ! वेदीपुढे भोपळे, माठाच्या जुड्या, अंडी मांडली होती, आणि उपासनेनंतर लिलाव. आमच्याकडे नगरला हंगामाच्या सणाला हेच होतं. एका भोपळ्यासाठी दोन वडील (म्हणजे मंडळीचे कारभारी) चढाओढ करतात आणि जिंकलेला तो भोपळा विधवेच्या घरी पाठवून देतो. मी चार जुड्या बाजारापेक्षा दुप्पट भावाने घेतल्या आणि लसूण घालून परतल्या.

एकी कुठे अडते ते मला एका मयताच्या वेळी कळलं.

काँगोच्या मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ वारले. त्यांच्याकडे मयत म्हणजे आठवडाभराचं काम. रोज संध्याकाळी माणसं जमतात, गातात, जेवतात, रात्री तिथेच थांबतात. वहीत नाव आणि रक्कम लिहून वर्गणी गोळा होते. केंटकी, टेक्सास, मेनमधल्या ओळखीच्या मंडळ्यांकडून फोनवर पैसे येतात, कारण अमेरिकेतला अंत्यविधी हजारो डॉलर खातो. आमच्याकडची मंडळी शोकाकुल होती, मनापासून. त्यांनी ओव्हनमधले पदार्थ झाकून आणले, कार्ड दिली आणि विचारलं, सर्व्हिस किती वाजता? त्यांच्या लेखी दुःख भेटून जायचं असतं, आणि घरच्यांना एकटं सोडणं हाच आदर. काँगोच्या लोकांच्या लेखी मेलेल्याच्या घरच्यांना एकटं सोडणं म्हणजे क्रूरपणा. अपार्टमेंटमध्ये इतकी माणसं मावेनात, म्हणून त्यांनी चर्चचा हॉल मागितला, रात्रीसाठी.

हॉल दहाला बंद होतो. किल्ली आमच्या ट्रस्टींकडे असते. विम्याचा प्रश्न होता, अग्निशमनाचा होता, सगळे खरेच होते. त्या संध्याकाळच्या बैठकीत काँगोचे पाळक फार शांतपणे म्हणाले की इतकी वर्षं आम्ही इथे प्रार्थना करतो, पण आमच्यातल्या कोणाला हे दार उघडता येत नाही. बैठकीत कोणी काही बोललं नाही. किल्ली दुसऱ्या दिवशी मिळाली.

मला इथे आमच्या नगरची आठवण होणं स्वाभाविक होतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. १८९९-१९००च्या दुष्काळात मिशनने हजारो पोरक्या मुलांना जगवलं. त्या दुष्काळात अमेरिकेतून क्विटो नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं होतं. आमच्या कित्येक घरांची ख्रिस्ती वंशावळ त्या धान्यापाशी सुरू होते, आणि त्यावरून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या टोमणेही खाल्लेत. उपकार खरे होते. पण बंगला साहेबाचा, पगार साहेब देणार, पाळक कुठे नेमायचा ते साहेब ठरवणार, आणि गाणी साहेबाच्या चालीवर बेतलेली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली, तेव्हा कुठे मंडळीला स्वतःचा गळा सापडला. आजही ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी टिळक भेटतात. त्यामुळे क्लार्कस्टनमध्ये मी एका विचित्र जागी बसते. पासपोर्टने आणि पगाराने यजमानांच्या रांगेत, आठवणीने पाहुण्यांच्या.

काँगोच्या माणसांचंही चर्चच्या एकीशी जुनं नातं आहे, आणि ते भाबडं नाही. १९७० मध्ये, मोबुटूच्या राजवटीत, तिथल्या बहुतेक सगळ्या प्रोटेस्टंट पंथांना ‘काँगोतील ख्रिस्ताची मंडळी’ या एकाच छत्राखाली आणलं गेलं, आणि प्रत्येक पंथाला क्रमांक मिळाला. म्हणून इथे नवा माणूस आला की तो सांगतो, मी आठव्याचा, मी पाचव्याचा. आठवी म्हणजे स्वीडिश पेंटेकोस्टलांच्या कामातून वाढलेली, पाचवी नॉर्वेजियनांच्या. त्याच १९७०च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मी हे त्यांच्या वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, मग तुमच्याकडे भांडणं संपली? मी म्हटलं, नगरमध्ये अजून लोक सांगतात, आम्ही मूळचे काँग्रिगेशनल, म्हणजे त्या जुन्या मिशनच्या पंथाचे. जातीचं तर मी बोललेच नाही. तो विषय जेवणाच्या टेबलावर मावणारा नव्हता.

आमच्या गोऱ्या मंडळींच्या तोंडी ‘आपले आफ्रिकन बंधू’ हा शब्दप्रयोग फार. त्यात कोण कोण बसवलं आहे बघा. पूर्व काँगोतल्या दक्षिण किवूच्या पठारावरचे गुरं राखणारे बान्यामुलेंगे, त्यांच्याशी जमिनीवरून रक्तरंजित वैर असलेले बेंबे आणि फुलिरू, बुरुंडीचे, आणि शिवाय एरिट्रियाचे ऑर्थोडॉक्स. हे शेवटचे तर चपला बाहेर काढून चर्चमध्ये शिरतात, बुधवारी-शुक्रवारी मांस-दूध वर्ज्य करतात, आणि आमच्या प्रभुभोजनात सहभागी होत नाहीत. ते हे सरळ सांगतात. मला ती सरळता बरी वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये सगळं एकदम अंगावर आलं. २० तारखेला नवे अध्यक्ष ट्रम्प यांनी निर्वासितांचा प्रवेश थांबवण्याचा आदेश काढला. टांझानियाच्या न्यारुगुसू छावणीत वर्षानुवर्षं वाट बघून, मुलाखती, वैद्यकीय तपासण्या उरकून, तिकीट हातात आलेल्या नातेवाइकांच्या फेऱ्या रद्द झाल्या. (ते तिकीटही फुकट नसतं. निर्वासिताला विमानाचं भाडं बिनव्याजी कर्ज म्हणून मिळतं आणि इथे आल्यावर काही महिन्यांतच हप्ते सुरू होतात. कोंबड्यांच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला उभी राहून ते फेडणारी बाई माझ्या शेजारच्या बाकावर बसते.) त्याच महिन्याच्या अखेरीस एम-२३ या बंडखोर गटाने पूर्व काँगोतलं गोमा शहर घेतलं, फेब्रुवारीत बुकावू.

आमच्या पाळकांनी चांगल्या मनाने जाहीर केलं की पुढच्या रविवारी संयुक्त उपासना, काँगोसाठी प्रार्थना. त्यांना ठाऊक नव्हतं की एम-२३ चं नेतृत्व तुत्सींचं आहे, बान्यामुलेंगेंनाही तुत्सीच मानलं जातं, आणि त्यामुळे त्याच हॉलमध्ये एका बाकावरचा माणूस मागच्या बाकावरच्याकडे संशयाने बघायला लागला होता. एका वडिलांनी सुचवलं, काँगोच्या सैन्याच्या विजयासाठी प्रार्थना करू. दुसरे उठून उभे राहिले. तेच सैन्य ज्यांच्या गावात शिरलं होतं, अशी माणसं तिथे होती.

यातून वाट काढली ती क्वायरच्या म्होरक्या बाईने. तिने सांगितलं की कोणी कोणासाठी मागायचं नाही, स्वतःच्या गावात राहिलेल्यांची फक्त नावं घ्यायची. मग एकेकाने नावं घेतली, स्वाहिलीत, किन्यामुलेंगेत, किबेंबेत. बराच वेळ चाललं. आमच्या इंग्रजी मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने इराकला गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलाचं नाव घेतलं. हे विषय सोडून होतं, पण कोणी अडवलं नाही. त्या दिवशी वैर संपलं असं मी म्हणणार नाही. दोन कुटुंबं त्यानंतर दुसऱ्या चर्चला जायला लागली.

त्यानंतर आमच्याकडून प्रस्ताव गेला की दोन्ही मंडळ्या एक करू. काँगोच्या वडिलांनी आठवडाभर विचार करून नाही म्हटलं. इंग्रजीत सगळं चालणार असेल तर आमच्या आज्या गप्प बसतील, असं कारण दिलं. महिन्यातून एक रविवार एकत्र, बाकी आपापल्या भाषेत, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग) मात्र एकच, आणि इमारतीच्या कारभारात बरोबरीच्या खुर्च्या, असा त्यांचा उलट प्रस्ताव आला. मला तो आमच्या प्रस्तावापेक्षा शहाणा वाटला. मंजूर झाला, कुरकुरत.

आता पुढच्या बैठकीपुढे छताच्या गळतीचा विषय आहे. खर्च निम्मा-निम्मा करू, असं काँगोच्या मंडळीने स्वतः सुचवलं आहे. त्यांच्या पगारांकडे बघता ते सोपं नाही. आमच्यातल्या काही जणांचा आग्रह आहे की त्यांनी एवढा भार घेऊ नये, आम्ही सगळं भरू. काँगोचे वडील ऐकत नाहीत. निम्मे पैसे म्हणजे निम्मी मतं, हे त्यांना माहीत आहे, आणि आग्रह करणाऱ्यांनाही.