तुम्ही विचारलंत म्हणून: टाक अजून घरात कसा?

"वर बुद्ध, बाबासाहेब, आणि खाली खंडोबाचा टाक? हे कसं काय?" देवाची छबी उठवलेला तो छोटा धातूचा पत्रा बघून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. आपल्यातले डोळे वटारून विचारतात. ऑफिसातल्या बायका खुशीत विचारतात, माझी चोरी सापडल्यासारख्या. दोघांनाही आजवर "आजीची आठवण" एवढंच सांगत आले. ते खोटं नाही, पण तेवढ्यानं भागतही नाही.

आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956ला नागपूरला दीक्षा घेतली आणि गावी येऊन देव प्रवरेत सोडले, असं घरात सांगत. तीन टाक आजीनं मागे ठेवले होते. ज्वारीच्या कणगीत, लाल फडक्यात. चंपाषष्ठीला अण्णा, माझे वडील, कामावर गेले की ती ते काढायची. हळदीची वाटी धरायचं काम माझं.

नऊ वर्षांची असताना विहारात बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणून दाखवल्या, बक्षीस म्हणून पेन मिळालं. रात्री अण्णांनी पाठ थोपटली आणि मी त्यांना कणगीचं सांगून टाकलं. लहान होते, काय कळत होतं, असं स्वतःला पुष्कळदा सांगून झालंय. कळत होतं. पाठीवर अजून एक थाप हवी होती.

अण्णा ओरडले नाहीत. कणगीत कोपरापर्यंत हात घालून गाठोडं काढलं.

आजी म्हणाली, "तुझ्या पर्तिज्ञेत खंडोबाचं नाव हाय का?"

"तिसरीत 'गौरी-गणपती इत्यादी' आहे. इत्यादीत आला."

"आन मरीआई? ती कुठं गावात व्हती? आपल्यावानी येशीभाईरच की."

अण्णा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "पटकी आली की तिचा गाडा कुणाला ओढायला लावायचे, विसरलीस?"

तिनं वाद सोडला. "आंगूळ घालून देऊ का?" एवढंच विचारलं. अण्णा दारात पाठ करून उभे राहिले. तिनं ताटलीत एकेक टाक धुतला, पदरानं पुसला, हळद लावली. वाटी धरायला मला बोलावलं नाही. मी तिथंच उभी होते, पेन हातात घेऊन.

अण्णांची बाजू मी आजही घेते. 1930पासून काळाराम मंदिराच्या दारात वर्षानुवर्षं सत्याग्रह करून ज्यांना आत घेतलं नाही, त्यांच्या लेकरानं 'इत्यादी' कडक वाचला तर त्याचं काय चुकलं? आणि "बघा, शेवटी देव लागतोच" असं म्हणायला कुणी तोंड उघडणार असेल, तर थांबा. मला नाही लागत. पण मग वंदनेत तरी मन लागतं का? तेही धड नाही. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणताना कितीदा गॅस बंद केला का ते आठवत असते. हे आपल्यातल्यांना सांगायची सोय नाही.

आजी गेल्यावर तिच्या चंचीत, सुपारीच्या खांडांखाली, हा टाक निघाला. अण्णांची पाठ होती तेव्हा तिनं सरकवला, की अण्णांनीच नदीवरून आणून दिला? त्यांना विचारलं.

"मी मोजले नव्हते," म्हणाले.

काळा पडला की रांगोळीनं घासते. हळद लावत नाही. एकदा लावली होती.