मांडवात नसलेले वडील

२ फेब्रुवारी, रात्री उशिरा

भाची नेदरलँड्समध्ये असते. आज तिने एक जुना व्हिडिओ पाठवला. 'मावशी, आमच्या राणीच्या लग्नाचा वाढदिवस आज, बघ.' आमच्या म्हणे!

२००२ सालचं ॲमस्टरडॅमचं चर्च. बँडोनियनवर, म्हणजे अकॉर्डियनसारख्या वाद्यावर, अर्जेंटिनाच्या पियाझोला या संगीतकाराचं 'आदिओस नोनिनो' सुरू होतं आणि नवरी, अर्जेंटिनाचीच माक्सिमा, डोळे टिपायला लागते. पियाझोलाने ही धून १९५९ मध्ये वडील गेल्यावर केली. हिचे वडील तर धडधाकट होते. पण लग्नाला नव्हते, आणि ते नाहीत म्हणून आईही नव्हती.

मग काय, झोप उडाली. वाचत बसले.

वडिलांचं नाव होर्हे सोरेगिएता. अर्जेंटिनात १९७६ च्या मार्चमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हापासून कृषी खात्यात. १९७९ ते ८१ त्या खात्याचे प्रमुख, म्हणजे मंत्रीच म्हणायचे. त्याच राजवटीत हजारो माणसं उचलली गेली ती परत आलीच नाहीत. मानवी हक्कवाले आकडा तीस हजार सांगतात. माक्सिमाचा जन्म १९७१ चा. वडिलांना पहिल्या लग्नाच्या तीन मुली, आणि तिकडे घटस्फोटाचा कायदाच १९८७ ला आला, म्हणजे घरची गोष्ट आधीच साधी नव्हती. ही दुसऱ्या संसारातली थोरली. ब्युनॉस आयर्समध्ये इंग्रजी वळणाची शाळा, कॅथलिक विद्यापीठात अर्थशास्त्र, मग न्यूयॉर्कला बँकेत नोकरी. १९९९ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलच्या जत्रेत भेटलेल्या मुलाने नाव नुसतं अलेक्झांडर सांगितलं होतं. तो निघाला नेदरलँड्सचा राजपुत्र.

राजपुत्राच्या लग्नाला तिथे संसदेची संमती लागते. सरकारने एका इतिहासकाराला सासऱ्यांचा भूतकाळ तपासायला लावला. (आपल्याकडे स्थळाची चौकशी मामा करतो.) अत्याचारात त्यांचा थेट हात दिसत नाही, पण काहीच ठाऊक नव्हतं हे पटण्यासारखं नाही, असा त्याचा निष्कर्ष. मध्येच राजपुत्राने सासऱ्यांची बाजू घेताना एका पत्राचा हवाला दिला. ते निघालं खुद्द हुकूमशहा विदेलाचं! साखरपुड्याच्या दिवशी पत्रकारांसमोर ही डचमध्ये म्हणाली, जरा मूर्खपणाच केला त्याने. सगळा देश तिथेच तिच्या प्रेमात पडला, असं भाचीचं मत. मला मात्र वडिलांविषयी ती बोलली ते जास्त लागलं: वाईट राजवटीत त्यांनी शेतीसाठी चांगलं करायचा प्रयत्न केला, याची खंत वाटते. बापाला टाकलं नाही आणि पाठीशीही घातलं नाही. २०१३ मध्ये नवरा राजा झाला, तेव्हाही वडील आले नाहीत. २०१७ मध्ये ते गेले.

१९७६ वर येऊन मी सारखी अडखळतेय. तेव्हा आमच्याकडे आणीबाणी. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी. कुठे मंत्री, कुठे मास्तर, तुलना होत नाही, कळतं मला. पण गुरुजींनाही 'केसेस' आणायच्या असत, नसबंदीच्या. रात्री आई-बाबा कुजबुजायचे ते याच शब्दाने. कोटा भरला नाही तर पगार अडकायचा. शेजारच्या गुरुजींचा दोन महिने अडकला होता, त्यांची बायको आमच्याकडून वाटीने साखर न्यायची.

बाबांनी कोणाला नेलं, कसं समजावलं, कधी विचारलं नाही.

आमचा पगार एकदाही अडकला नव्हता.